फक्त निमंत्रितांसाठी

"वधूचं नाव सांगा," तांबोळींनी पेन उचलून विचारलं.

मी म्हणालो, वधू नाही, मोबाईल आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं बार्शीत लग्नपत्रिका छापल्यावर माणसाला कशाचंच नवल वाटत नाही, तरी त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग वर गणपती ठेवायचा का, एवढाच प्रश्न उरला. मी म्हटलं, ठेवा. पंचवीसच पत्रिका हव्यात म्हटल्यावर मात्र ते खरोखर दुखावले. पंचवीस पत्रिकांत कुणाचंच कार्य उरकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी हसलो. उरकू नये हीच तर युक्ती होती.

ही दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भांड्यांचं दुकान होतं. त्या दुकानाच्या मधोमध प्लायवुडची भिंत घालून अर्ध्या भागात मी मोबाईल विकायला बसलो होतो. बसलो होतो हे खरं, विकत होतो असं म्हणवत नाही. भिंतीपलीकडे आप्पांचा धंदा ऐकू यायचा. बाई चमचा घ्यायला यायची आणि आप्पा तिला पातेली, डबे, परात, सगळं खाली काढून दाखवायचे, चहा पाजायचे, आणि ती काही न घेता निघाली तरी पायरीपर्यंत जाऊन "परत या बरं का" म्हणायचे. मला त्याची लाज वाटायची. गिऱ्हाइकापुढे इतकं वाकायचं नसतं, असं मी त्यांना एकदा ऐकवलंही होतं. त्यावर ते म्हणाले, "पाडव्यापर्यंत तुझ्या पद्धतीनं बघ. नाहीतर भिंत काढू आणि परत भांडी लावू." आप्पा शब्द फिरवणारे नव्हते. पाडव्यानंतर मी आयुष्यभर पराती पुसत बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

अशा वेळी पुण्याहून ऋत्विज देवल आला. ओरिया नावाच्या नव्या फोन कंपनीचा माणूस. बार्शीच्या मार्च महिन्यात अंगात जाकीट. त्याने माझ्या दुकानातले सगळे फोन पाहिले आणि मला सांगितलं की माझं चुकतंय कारण मी विकायला बसलोय.

"माणसानं मागितलं की नाही म्हणायचं," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा मागितलं तरी नाही. तिसऱ्यांदा तो हात जोडतो."

ओरियाचा फोन निमंत्रण असेल तरच मिळायचा. प्रत्येक निमंत्रणावर एक नंबर, आणि तो नंबर घातल्याशिवाय बिलच निघत नसे. फोन कमी होते म्हणून निमंत्रण होतं असं नाही. निमंत्रण होतं म्हणून ते कमी होते. माझ्याकडे चाळीस फोन आले. त्यातले पंचवीस मांडायचे आणि पंधरा लपवायचे, असा हुकूम होता. ते पंधरा मी माळ्यावर आप्पांच्या तांब्याच्या घागरींमागे ठेवले. पाडव्याच्या आत चाळीसच्या चाळीस गेले तर तालुक्याची एजन्सी माझी, नाहीतर दुसऱ्या कुणाची.

ज्यांच्या हातात फोन दिसला तर चार जण विचारतील अशा पंचवीस लोकांची यादी केली. डॉक्टर, प्राचार्य, वकील, दोन नगरसेवक, एक आडत दुकानदार वगैरे. पत्रिका छापून आल्या. तांबोळींनी सवयीने तयार ओळी वापरल्या होत्या: "आमचे येथे श्रीकृपेकरून ओरिया फोनचे आगमन होत आहे, तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून कार्यास शोभा आणावी." मला ते झकास वाटलं. आईने पत्रिका हातात घेतल्या आणि कोरी पत्रिका देत नाहीत म्हणून प्रत्येकीच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. पहिली पत्रिका तिने देवापुढे ठेवली. ती काही केल्या परत देईना. त्यामुळे पंचविसातला एक फोन गणपतीच्या नावावर गेला. पंचविसावा ग्राहक कोण, असं देवलने फोनवर विचारलं तेव्हा मी "मोठे आहेत" एवढंच सांगितलं.

उरलेल्या चोवीस पत्रिका मी घरोघरी जाऊन, अक्षता देऊन, खाली वाकून नमस्कार करून दिल्या. आणि तिथून गाव पेटलं.

सुरुवात घरातून झाली. आईने विचारलं, माझ्या भावाला पत्रिका कधी देणार? मी म्हटलं, मामाला देणार नाही, मामा फोन घेणार नाही. रावसाहेबमामा आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचा आणि त्याचा बटणांचा फोन रबरबँड लावून एकत्र धरलेला होता. आई म्हणाली, "फोन घेईल न घेईल, तो त्याचा प्रश्न. बोलावणं हा आपला प्रश्न आहे." मी तिला संख्या, नंबर, कंपनीचं धोरण समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. मामाचं रोज संध्याकाळी चहाला येणं बंद झालं. मग किराणावाल्या बागमारांनी माझ्याकडे बघणं सोडलं. सलूनमधला शिवा मला रिकाम्या खुर्चीसमोर अर्धा तास बसवून ठेवू लागला. ज्यांना फोन कशाशी खातात ते माहीत नव्हतं, तेही मला रस्त्यात अडवून विचारायला लागले की आमच्यात काय कमी होतं. फोन कुणालाच नको होता, पत्रिका सगळ्यांना हवी होती.

मी खुशीत होतो. देवलला कळवलं की अर्धं गाव माझ्याशी बोलत नाही. तो म्हणाला, परफेक्ट.

खरंच फोन हवा असलेलं एकच माणूस त्या आठवड्यात दुकानात आलं. मंदाकिनी लोंढे, एसटीत कंडक्टर. ड्युटी संपवून खाकी कपड्यांतच आल्या, पायरीवर चपला काढल्या. त्यांच्या लेकीला सुरतेला बाळ झालं होतं आणि त्यांना रजा मिळत नव्हती.

"फोनमध्ये बाळ दिसतंय म्हणं," त्या म्हणाल्या. "ते तसलं द्या मला. चांगलं द्या, पैसं आणलेत."

मी विचारलं, निमंत्रण आहे का? त्यांना कळलं नाही. मी पत्रिका दाखवली. ही कुठं मिळते, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "ही मिळत नाही बाई, यावी लागते." दुसरा कुठला फोन दाखवावा हेही मला सुचलं नाही, कारण मी धोरणात बुडालो होतो. त्या तीन वेळा आल्या आणि तिन्ही वेळा मी त्यांना शिल्लक नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी खरोखर हात जोडले, आणि देवल किती हुशार आहे असं माझ्या मनात आलं. हे लिहिताना आज मला माझी शिसारी येते, पण तेव्हा आली नाही. पंधरा फोन माझ्या डोक्यावर माळ्यावर होते.

पलीकडे आप्पा हंडा तोलत होते, ते थांबले. भिंतीच्या कडेने डोकावून हळूच म्हणाले, "आहेत की रं आपल्याकडं."

मी म्हटलं, आप्पा, तुम्हाला यातलं कळत नाही. ते परत हंड्याकडे गेले.

समारंभ रविवारी सकाळी. दुकानापुढे मांडव, खुर्च्या, लाल फीत. आई माझ्याशी बोलत नव्हती, पण बोलावलेला माणूस नुसत्या चहावर जाणार हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं, म्हणून शिरा आणि उपमा तिने परस्पर ठरवून टाकला होता. तांबोळींच्या सहकुटुंब सहपरिवारामुळे चोवीस पत्रिकांवर सव्वाशे माणसं आली. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या, मुलांच्या अंगावर दिवाळीचे कपडे. देवलच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. त्याने भराभर फोटो काढले.

फोन लोकांनी नव्या सुनेसारखा पाहिला. हातात घेतला, उलटा केला, रंग उजळ आहे म्हणाले, पुढच्याकडे दिला. प्राचार्यांनी दोन शब्द बोलून फोनला आशीर्वाद दिला. मग शिरा झाला, उपमा झाला, आणि एकेक जण माझ्या हातात पाकीट ठेवू लागला. आहेर. एकावन्न, एकशे एक. ज्यांनी पाकीट आणलं नव्हतं ते भिंतीपलीकडे जाऊन आप्पांकडून डबा नाहीतर तांब्या घेऊन आले आणि तो मला दिला. आप्पा प्रत्येकाला कागदात बांधून देत होते. त्या दिवशी माझ्या फोनच्या समारंभात आप्पांची अकरा भांडी खपली.

बारा वाजले तरी एकही बिल झालं नव्हतं. देवलने मला कोपराने ढोसलं. मी डॉक्टर गुजरांकडे गेलो आणि जमेल तितकं गोड हसून विचारलं, तुमचा कुठल्या रंगाचा काढू?

ते आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की मी गंभीर आहे.

"श्रीनिवास, तू घरी येऊन बोलावलंस ना आम्हाला?"

"हो."

"अक्षता दिल्यास."

"हो डॉक्टर."

"मग बोलावलेल्या माणसापुढं बिल ठेवतोस होय रे?"

ते रागावले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून, लेकरू चुकलं की मोठी माणसं बोलतात तसं बोलले. पण बाजूच्या चार जणांनी ऐकलं. पुढच्या दहा मिनिटांत मांडव रिकामा झाला. जाताना प्रत्येकाने हात जोडून कार्यक्रम छान झाला म्हणून सांगितलं. पंचवीसच्या पंचवीस फोन टेबलावर तसेच होते. गणपतीसुद्धा आपला न्यायला आला नव्हता.

देवलने एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "पहिली खेप संपली", आणि तो पुठ्ठा दारावर लावायला सांगून पुण्याची वाट धरली. मी लावला, आणि फोटो काढून त्याला पाठवला. म्हणजे आता ज्यांना बोलावलं होतं ते घेत नव्हते, ज्यांना बोलावलं नव्हतं ते तोंड बघत नव्हते, आणि चुकून कुणी आलंच तर दारावर संपली म्हणून लिहिलं होतं. पाडव्याला दोन आठवडे राहिले होते. मी चाळीस फोन आणि तेरा पाकिटं घेऊन दुकानात बसलो.

बुधवारी सकाळी आप्पांनी तो पुठ्ठा काढला, दुमडला आणि डगमगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सारला. डोक्यावर टोपी घातली. माळ्यावरचे चार फोन पिशवीत टाकले आणि मला म्हणाले, चल.

कुठे, मी विचारलं.

"रुसवं काढायला."

आमच्याकडे कार्य झालं की दुसऱ्या दिवसापासून हे काम असतं. कुणाचा मान राहिला, कुणाला टोपी मिळाली नाही, कुणाला हाक मारायची राहिली, त्यांच्या घरी जाऊन हात जोडायचे. आमच्या भावकीतलं हे खातं चाळीस वर्षं आप्पांकडे होतं. आधी कुणाकडे जायचं, किती वेळ गप्प बसायचं, चहा आला म्हणजे काय समजायचं, सगळं त्यांना पाठ होतं.

पहिलं घर मामाचं. मामाने वर्तमानपत्र तोंडापुढून काढलं नाही.

"रावसाहेब, चूक झाली," आप्पा म्हणाले. "पोराला कळलं नाही. मी घरात असून बोललो नाही. चूक माझी."

वर्तमानपत्र हललं नाही. आप्पा शांत बसून राहिले. मी उठायला लागलो तर त्यांनी माझा शर्ट धरून खाली बसवलं. दहा-बारा मिनिटांनी मामाने आतल्या बाजूला तोंड करून चहा टाकायला सांगितलं. कप खाली ठेवल्यावर तो म्हणाला, "बघू तरी दाजी, काय आहे एवढं त्यात."

आप्पांनी पिशवी सोडली. परात दाखवावी तसा फोन दाखवला, घेतलाच पाहिजे असं काही नाही म्हणाले. मामाने दोन घेतले, एक स्वतःला आणि एक मुलीला.

तिथून डेपोत गेलो. मंदाताईंची तुळजापूर गाडी यायला दीड तास होता. आप्पा बाकावर बसून राहिले. गाडी लागली, मंदाताई उतरल्या, आणि आप्पांनी मला पुढे केलं. इथं तू बोल, म्हणाले.

"बाई, माझं चुकलं," मी म्हणालो.

त्या गोंधळल्या. "तुमचं काय चुकलं? तुमच्याकडं नव्हताच, तर कुठनं देणार? मीच आपली सारखी सारखी यायची."

त्यांचा माझ्यावर विश्वास होता. आप्पा माझ्याकडे बघत होते. होता बाई, माझ्या डोक्यावर होता, एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "आजच आला बघा."

आप्पांनी मान फिरवली आणि भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला लागले. फोन तिथंच चालू करून मी सुरतेला लावून दिला. बाळाचं कपाळ आणि एक कान एवढंच दिसत होतं. मंदाताई डेपोच्या मधोमध तिकिटांचं मशीन गळ्यात तसंच ठेवून उभ्या राहिल्या आणि मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

मग बागमार, मग शिवा, मग तांबोळी, ज्यांनी पत्रिका छापली पण ज्यांना पत्रिका नव्हती. रोज उन्हातून तीन-चार घरं. आप्पांनी प्रत्येक ठिकाणी चूक स्वतःवर घेतली. ज्यांनी शिरा खाल्ला होता त्यांचे नंबर वापरून, ज्यांना शिरा मिळाला नव्हता त्यांना मी फोन देत गेलो. नंबर संपले तेव्हा देवलने काही न विचारता आणखी पंधरा पाठवले. शेवटच्या मंगळवारी डॉक्टर गुजर एकटेच दुकानात आले, आप्पांशी घासाघीस केली, आणि पैसे देऊन फोन घेऊन गेले. आता ते गिऱ्हाईक होते, पाहुणे नव्हते. पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी चाळिसावा फोन गेला. आप्पांची टाच भेगाळून रक्त आलं होतं, ते आईने सांगितलं तेव्हा मला कळलं.

एजन्सी मिळाली. भिंत राहिली. मे महिन्यात पुण्याच्या मोठ्या हॉटेलात कंपनीचा कार्यक्रम होता आणि देवलने मला बोलावलं. मी हट्टाने आप्पांना घेऊन गेलो. त्यांनी लग्नातला कोट इस्त्री करून घातला होता. तिसऱ्या रांगेत कडेला बसले.

पडद्यावर आमच्या मांडवाचा फोटो आला. सव्वाशे माणसं. पुढचा फोटो पुठ्ठ्याचा होता. तालुक्याच्या गावात दोन आठवड्यांत सगळा माल संपला, असं देवलने सांगितलं आणि माझ्या हातात माईक दिला. हे कसं केलंस ते या मंडळींना सांग, म्हणाला. समोर राज्यभरातले दुकानदार बसले होते. आप्पांना कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून ते कानामागे हात धरून पुढे वाकले होते.

मी म्हणालो, "मी गिऱ्हाइकाला नाही म्हणायला शिकलो."

टाळ्या पडल्या. टाळ्यांनी माणसाची जीभ सैल होते. मी पुढे म्हणालो की आमच्याकडची जुनी पद्धत म्हणजे गिऱ्हाइकाच्या दारी जाऊन पाया पडायचं, ती मी मोडली. लोक हसले. आप्पांनी कानामागचा हात काढला आणि टाळ्या वाजवल्या. इतरांच्या थांबल्यावरही ते थोडा वेळ वाजवत होते.

हॉटेलातलं जेवण चांगलं होतं, भात जरा कच्चा होता, एवढंच आप्पा परतताना गाडीत म्हणाले. माझी मात्र त्यांच्याकडे मान वळवून बघायची हिंमत झाली नाही.

सोमवारी मामा फोन घेऊन आला. त्याच्या मुलीचे फोटो दिसेनासे झाले होते. दुकानात शिरला तो सवयीने सरळ आप्पांच्या काउंटरवर गेला, दाजी जरा बघा म्हणाला, आणि फोन पुढे केला. आप्पा कळशी पुसत होते. त्यांनी फोन हातात घेतला नाही.

"ते पलीकडं विचारा, रावसाहेब," ते म्हणाले. "तिथं मोठा माणूस बसलाय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मला वाटतं ते मनापासूनच तसं म्हणाले. मामाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. चाळिसातला एकही फोन मी विकलेला नव्हता, हे त्या दुकानात आम्हा तिघांनाही माहीत होतं. मग मामा भिंतीला वळसा घालून माझ्यापुढे आला, आणि मी त्याला खुर्ची दिली.